वातीच्या कुंड्या, माशांचे पाणी आणि पिवळी पडणारी पाने

अंकुर_मंगळवारपेठ
नमस्कार. मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो आणि वनस्पतिशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. प्रकल्पासाठी मी घराच्या गच्चीवर दोन रचना स्वतः तयार केल्या आहेत. त्यांत जे दिसले त्याचा अर्थ लावण्यासाठी येथील जाणकारांची मदत हवी आहे.

पहिली रचना वातीची आहे. दोन लिटरची बाटली मधोमध कापून तिचा वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवला आहे. वर माती आणि रोप, खाली पाणी, आणि झाकणाच्या भोकातून ओवलेली वात या दोहोंना जोडते. वातीसाठी सुती नाडी, नायलॉनची दोरी आणि पॉलिएस्टरचे जाड सूत असे प्रकार वापरले. पंचगंगेकाठची काळी माती, राधानगरीकडून आणलेली तांबडी माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताचे मिश्रण अशी तीन माध्यमे आहेत.

दुसऱ्या रचनेत निळ्या ड्रमचा अर्धा भाग आहे. त्यात सुमारे १०० लिटर पाणी, गप्पी मासे आणि काही लहान गोल्डफिश आहेत. वर दोन फूट बाय तीन फुटांच्या ट्रेमध्ये खडी भरून पालक आणि पुदिना लावला आहे. छोटा पंप पाणी वर चढवतो आणि ते खडीतून झिरपून पुन्हा ड्रममध्ये पडते.

त्यानंतर मी दोन्ही पद्धती जोडून पाहिल्या. वातीच्या निम्म्या कुंड्यांना साधे पाणी दिले आणि निम्म्यांना ड्रममधील माशांचे पाणी. माशांच्या पाण्यावरचा पालक सुरुवातीला खरोखरच जोमाने वाढला, परंतु पुढे कोकोपीटच्या कुंड्यांतील नवी पाने पिवळी पडू लागली आणि वरच्या थरावर पांढरी साय धरली. तांबड्या मातीतील रोपे त्याच पाण्यावर हिरवी आहेत. खडीच्या ट्रेमध्येही फिकटपणा आहे, पण तो खालच्या जुन्या पानांवर आहे.

माशांच्या पाण्यात अन्नद्रव्ये असतात, तर मग असे का व्हावे? आणि या दोन पद्धती एकमेकींना जोडणे मुळात योग्य आहे का?

राधानगरी_रोपवाटिका
प्रश्न नेमका मांडला आहे. कोकोपीटमधील पिवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आहेत की शिरांसकट सगळे पान पिवळे आहे, एवढे आधी सांगा. निदान त्यावरच ठरेल.

अंकुर_मंगळवारपेठ
शिरा हिरव्या आहेत, मधला भाग पिवळा आहे. ट्रेमधील जुनी पाने मात्र शिरांसकट एकसारखी फिकट आहेत.

शिरोळकर
मग कुंडीतल्या रोपांचे दुखणे आमच्या ओळखीचे आहे. चुनखडीच्या जमिनीत उसाच्या कोवळ्या पानांवर असेच पट्टे येतात आणि आम्ही त्याला केवडा पडला असे म्हणतो. जमिनीत लोह असते, पण सामू (पीएच) चढलेला असल्यामुळे पिकाला ते उचलता येत नाही. हिराकशीची (फेरस सल्फेटची) फवारणी केली की नवे पान हिरवे येते.

ड्रममध्ये पाणी कोणते भरले आहे? नळाचे की बोअरचे?

अंकुर_मंगळवारपेठ
ड्रममध्ये बोअरचे पाणी आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना बाधेल म्हणून तसे केले. साध्या पाण्याच्या कुंड्यांना नळाचे पाणी देतो.

रसायन_शिक्षिका
शिरोळकर यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. आपल्याकडे खाली सगळा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. त्यातून झिरपलेल्या भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण सहसा अधिक असते आणि सामू बहुधा आठच्या आसपास राहतो. अशा पाण्यात लोहाचे न विरघळणारे संयुग तयार होते. कोकोपीटमध्ये स्वतःचे लोह फारसे नसते, म्हणून तेथे कमतरता आधी दिसली. राधानगरीकडची तांबडी माती जांभ्यापासून झालेली आहे. ती आम्लधर्मी असते आणि तिच्यात लोह भरपूर असते, म्हणून तेच पाणी असूनही तेथील रोपे हिरवी राहिली. तीन प्रकारची माती ठेवल्यामुळेच हे उघड झाले, हे या विद्यार्थ्याच्या मांडणीचे श्रेय आहे.

पांढऱ्या सायीवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर तो कार्बोनेटचा थर आहे. बुडबुडे आले नाहीत तर कोकोपीटमधील मूळ क्षार किंवा खताचे क्षार असू शकतात. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असतात, कारण नारळाच्या सोडणाचा काथ्या अनेकदा खाऱ्या पाण्यात भिजवलेला असतो.

निवृत्त_प्राध्यापक
प्रकल्पाच्या दृष्टीने एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्यावी. आपण साधे पाणी आणि माशांचे पाणी यांची तुलना करत आहात असे वाटते, पण प्रत्यक्षात नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी यांचीही तुलना होत आहे. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या असताना फरक माशांमुळे पडला की पाण्यामुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही. मासे न सोडलेल्या बोअरच्या पाण्यावर काही कुंड्या लावणे अत्यावश्यक आहे.

त्याशिवाय आणखी एक गट असावा. बोअरच्याच पाण्यात आपल्या शेतकऱ्यांच्या नेहमीच्या वापरातील १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समान असलेले) हे विद्राव्य खत अगदी सौम्य प्रमाणात मिसळून ते वातीने द्यावे. माशांच्या पाण्याची खरी स्पर्धा साध्या पाण्याशी नाही, ती या गटाशी आहे.

शिरोळकर
पांढऱ्या थराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या गोष्टीने आमच्या तालुक्यातील शेकडो घरांची शेती बिघडवली आहे.

शिरोळमध्ये नदीकाठची काळी कसदार जमीन आहे. बारमाही ऊस, पाटाने भरपूर पाणी आणि निचरा नाही, अशा स्थितीत भूजलाची पातळी वर येत गेली. पातळी मुळांच्या जवळ आली की माती खालचे पाणी केशाकर्षणाने वर ओढते. पृष्ठभागावर ऊन लागून पाण्याची वाफ होते, पण त्यातले क्षार वाफेबरोबर जात नाहीत, ते तिथेच साचतात. वर्षानुवर्षे हे चालले की जमिनीवर मिठासारखा पांढरा थर दिसू लागतो, बियाणे उगवत नाही आणि माणूस म्हणतो की जमीन क्षारपड झाली. पाणी आणखी दिल्याने हे बरे होत नाही, उलट वाढते. आमच्याकडे ज्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला बाहेर जाण्याची वाट करून दिली त्यांच्या जमिनी पुन्हा पिकू लागल्या.

तुमच्या बाटलीत नेमके हेच घडत आहे. वातीतून पाणी फक्त खालून वर जाते. वरून पाणी कधीच पडत नाही, त्यामुळे क्षार धुऊन निघत नाहीत. जड (क्षार जास्त असलेले) पाणी ठेवले तर हे लवकर घडेल, हलके पाणी ठेवले तर उशिरा घडेल, पण घडेल. म्हणून ठरावीक काळाने कुंडी वातीच्या भांड्यातून उचलून वरून हलके पाणी भरपूर ओतावे आणि खाली निघालेले पाणी टाकून द्यावे. ते पाणी पुन्हा भांड्यात पडू देऊ नये. तोच तुमच्या बाटलीचा निचरा समजावा.

पन्हाळा_पायथा
शिरोळकर यांचा हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. भूगोलाच्या तासाला क्षारपड हा विषय शिकवताना मुलांना आता ही बाटलीच दाखवणार आहे.

इचलकरंजीकर
वातीबद्दल माझाही अनुभव उपयोगी पडेल. आमच्याकडे यंत्रमागांच्या कारखान्यांतून पॉलिएस्टर सुताचे तुकडे सहज मिळतात आणि मी गेली काही वर्षे त्यांवरच पुदिना, ओवा आणि मनीप्लांट वाढवतो. सुती नाडी सुरुवातीला सर्वांत चांगली ओढते, परंतु कापूस म्हणजे सेल्युलोज असल्यामुळे ती कायम ओली राहून कुजते, आणि माशांच्या पाण्यात नत्र असल्यामुळे जिवाणू तिला अधिक वेगाने खातात. नायलॉनची गुळगुळीत, एकाच जाड धाग्याची दोरी जवळजवळ काहीच ओढत नाही, कारण पाणी चढते ते धाग्यांमधल्या बारीक फटींतून. म्हणून अनेक बारीक तंतू सैल पिळलेले पॉलिएस्टर सूत घ्यावे आणि ते आधी साबणाच्या पाण्यात उकळून घ्यावे. गिरणीतील सुतावर तेलाचा अंश असतो, त्यामुळे नवे सूत पाणी धरत नाही.

वातीचे वरचे टोक मातीत नुसते खुपसून ठेवण्याऐवजी त्याचे धागे उकलून पंख्यासारखे पसरावेत. संपर्काचा पृष्ठभाग वाढला की फरक लगेच दिसतो.

रसायन_शिक्षिका
यामागचे गणित सोपे आहे. केशनलिकेत पाणी किती उंच चढेल हे तिच्या त्रिज्येवर व्यस्त प्रमाणात अवलंबून असते. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचनलिकेत पाणी साधारण १५ सेंटिमीटर चढते आणि त्रिज्या निम्मी केली की दुप्पट चढते. म्हणून जाड वाळूत पाणी वेगाने पण थोडेच चढते, तर चिकण काळ्या मातीत पुष्कळ उंच पण अतिशय सावकाश चढते. उन्हाळ्यातील दुपारी पालक जितके पाणी बाष्पोत्सर्जनाने सोडतो तितके काळी माती वर पोहोचवू शकत नाही. परिणामी खाली भांडे भरलेले असूनही पान मान टाकते. पाण्याची पातळी आणि मातीचा तळ यांतले अंतर शक्य तितके कमी ठेवावे.

उद्यमनगर_फिटर
झाकणाचे भोक वातीपेक्षा किंचित मोठे ठेवा. वात आवळली गेली की तेवढ्याच जागी फटी बंद होतात आणि वरचा सगळा भाग कोरडा राहतो.

मत्स्यछंदी
आता माशांच्या बाजूने थोडे लिहितो, कारण आतापर्यंत सगळी चर्चा रोपांचीच झाली आहे आणि ड्रममध्ये जिवंत प्राणी आहेत.

माशांचा मुख्य उत्सर्ग अमोनिया असतो आणि तो बहुतांशी कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम सजीव करतात आणि त्यासाठी त्यांना कोणतेही सेंद्रिय अन्न लागत नाही, हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवून दिले. नव्या ड्रममध्ये या जिवाणूंची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि थंडीत त्याहून अधिक. तोवर खाद्य अगदी कमी घालावे.

बोअरच्या पाण्याचा धोका येथे अधिक गंभीर आहे. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो, त्यांतील एक रूप माशांना फारसे बाधत नाही आणि दुसरे विषारी असते. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे किटवर तोच आकडा दिसत असताना माशांना होणारा त्रास जवळजवळ नऊपट असतो. आपल्याकडे अमोनिया तपासण्याचे किट नसेल तर ते आधी घ्यावे, पंपावर आणि बाटल्यांवर नंतर खर्च करावा.

नळाच्या पाण्याला घाबरण्याचे मात्र कारण नाही. ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवले, त्यात हवेचा दगड (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडला, की त्यातील क्लोरीन निघून जातो.

पंचगंगाकाठ
मग सगळा ड्रम पावसाच्या पाण्याने भरला तर प्रश्नच मिटला, नाही का? कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पावसाची ददात नसते. पहिल्या सरीचे पाणी सोडून पत्र्यावरचे पाणी साठवले तर ते फुकट आणि हलके मिळेल.

मत्स्यछंदी
पंचगंगाकाठ, वातीच्या कुंड्यांसाठी तुमची सूचना उत्तम आहे, पण माशांच्या ड्रमसाठी ती जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातील क्षारता (आम्ल शोषून घेण्याची क्षमता) खाऊन टाकते. अमोनियारूपातील एक ग्रॅम नत्रासाठी सुमारे सात ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्च होते. पावसाच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच, त्यामुळे सामू झपाट्याने कोसळतो. तो सहाच्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साचू लागतो. बोअरचे आणि पावसाचे पाणी मिसळून वापरावे आणि जाळीच्या पिशवीत थोडे शिंपले ठेवावेत. सामू उतरला तरच ते विरघळतात.

पत्र्याच्या बादलीत साठवलेले पाणीही मासे असलेल्या ड्रममध्ये घालू नये. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि जस्त व तांबे ही दोन्ही माशांना घातक आहेत. त्याच कारणाने ट्रेमधील पालकावर मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण या तांब्याच्या औषधांचा हातही लावू नये. निंबोळी तेलही तेथे नको, कारण ट्रेमधून ते सरळ ड्रममध्ये उतरते.

पंचगंगाकाठ
पटले. क्षारतेचा हा हिशेब मला नवा होता.

आशाताई_कसबा_बावडा
मी आरोग्य विभागाच्या कामात अनेक वर्षे आहे, म्हणून एक विनंती. गच्चीवर उघड्या पाण्याच्या इतक्या बाटल्या असतील तर डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्यांतच अंडी घालेल. त्याला घाण पाणी लागत नाही, स्वच्छ साठलेलेच पाणी लागते. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास आम्ही सांगतो. पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे भांडे आतून घासून काढावे.

मंगळवार_पेठेतील_शेजारी
ड्रममध्ये गप्पी मासे आहेतच. त्यांतला एकेक प्रत्येक बाटलीत सोडला तर अळ्या राहणार नाहीत.

आशाताई_कसबा_बावडा
ड्रममध्ये गप्पी आहेत हे चांगलेच आहे, तेथे अळीची काळजी नाही. पण अर्ध्या-पाऊण लिटर पाण्यात, हवेच्या सोयीशिवाय आणि गच्चीवरच्या उन्हात मासा ठेवणे मला मान्य नाही. बाटली आणि कुंडी यांच्यामधील फट मलमलीच्या पट्टीने बंद केली की काम होते.

राधानगरी_रोपवाटिका
आशाताईंच्या सूचनेला जोड देतो. बाटलीच्या खालच्या भागाला बाहेरून खाकी कागद गुंडाळा किंवा गडद रंग द्या. उजेड बंद झाला की शेवाळ धरत नाही. माशांच्या पाण्यात नत्र असल्यामुळे पारदर्शक बाटलीत शेवाळ फार लवकर येते आणि ते वातीच्या फटी बुजवते.

शेंगपेंड_कागल
मासे वाढवायचेच असतील तर महागडे खाद्य कशाला? तळ्यातल्या रोहू-कटल्याला आम्ही शेंगपेंड आणि भाताचा कोंडा देतो. ते दिले तर प्रकल्पाचा खर्च कमी होईल.

मत्स्यछंदी
शेंगपेंड_कागल, तळ्यात ते चालते, कारण तळ्याचे पाणी अफाट असते आणि उरलेल्या पेंडीवर प्लवक वाढून तेच पुन्हा माशांचे अन्न होते. १०० लिटरच्या ड्रममध्ये भिजलेली पेंड तळाशी कुजून प्राणवायू संपवते. जुन्या, ओल लागलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन या विषाचाही धोका असतो. तरंगणारे, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे.

निवृत्त_प्राध्यापक
खाद्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. अंकुर, आपण रोज एकूण किती ग्रॅम खाद्य घालता?

अंकुर_मंगळवारपेठ
आपल्या प्रश्नानंतर आमच्या ओळखीच्या सराफांच्या काट्यावर तोलून पाहिले. दोन्ही वेळचे मिळून सुमारे दोन ग्रॅम भरते.

निवृत्त_प्राध्यापक
मग ट्रेमधील जुन्या पानांच्या फिकटपणाचे उत्तर मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली छोट्या अ‍ॅक्वापोनिक्सवर (मासे आणि भाज्या एकाच पाण्यावर वाढवण्याच्या पद्धतीवर) जी तांत्रिक पुस्तिका काढली, तिच्यात पालेभाज्यांसाठी दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य हे प्रमाण दिले आहे. आपला ट्रे सहा चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडा अधिक आहे. त्याला रोजचे २२ ते २८ ग्रॅम खाद्य हवे आणि आपण दोन ग्रॅम घालता. दोन ग्रॅम खाद्यातून जे नत्र मिळते ते जेमतेम वीतभर लांब आणि वीतभर रुंद वाफ्याला पुरेल.

नत्र हे वनस्पतीच्या अंगात फिरणारे द्रव्य आहे. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतले काढून नव्या पानांना देते, म्हणून जुनी पाने आधी फिकट होतात. लोह तसे फिरत नाही, म्हणून त्याची उणीव नव्या पानांत दिसते. आपल्या गच्चीवर एकाच वेळी ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोहोंचा रंग पिवळा असल्यामुळे ती एकच वाटली. परीक्षकांसमोर हा फरक नीट मांडलात तर प्रकल्पाचे अर्धे यश त्यातच आहे.

मत्स्यछंदी
हिशेब वाचून कोणी लगेच खाद्य दहापट करू नये, ही कळकळीची विनंती. गप्पी आणि लहान गोल्डफिश इतके खाऊ शकणार नाहीत आणि उरलेले कुजेल. वाढीच्या वयाचे मासे रोज आपल्या वजनाच्या एक ते दोन टक्के खातात. २५ ग्रॅम खाद्य संपवायचे तर सव्वा ते अडीच किलो मासे हवेत आणि १०० लिटर पाण्यात ती दाटी या छोट्या पंपाला झेपणार नाही. वीज गेली की तासाभरात मासे पाण्यावर येऊन तोंड उघडू लागतील. माशांची संख्या वाढवण्यापेक्षा वाफा लहान करावा. ट्रेच्या एका कोपऱ्यातच पालक ठेवावा आणि उरलेल्या खडीला नुसती गाळणी म्हणून राहू द्यावे.

रंकाळा_फेरी
रंकाळ्याचे पाणी आणून वातीच्या कुंड्यांना दिले तर? तेथे जलपर्णी किती फोफावते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. याचा अर्थ त्या पाण्यात अन्नद्रव्ये भरपूर आहेत.

आशाताई_कसबा_बावडा
जलपर्णी फोफावते ती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरदावर, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. पण सांडपाणी म्हटले की त्यात माणसांच्या आतड्यांतील जंतूही आले. घरात खायच्या पालकाला ते पाणी नको. मासे थंड रक्ताचे असल्यामुळे त्यांच्या पाण्यात तो धोका मुळात कमी असतो, तरीही ड्रमवर पक्ष्यांची विष्ठा पडू नये म्हणून जाळी हवी. पानांवर ते पाणी उडू देऊ नये आणि भाजी धुऊनच वापरावी.

मत्स्यछंदी
आणि उलट दिशेची विनंती मी करतो. प्रकल्प संपला की मासे रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नयेत. गप्पी आणि गोल्डफिश दोन्ही बाहेरून आलेल्या जाती आहेत. त्या एखाद्या छंदी माणसाला द्याव्यात. मी स्वतः घेईन.

शेतीवाला_भुदरगड
सगळे वाचले. माझा प्रश्न साधा आहे. शेणकाला किंवा जीवामृत विरजून वातीच्या भांड्यात ठेवले तर तेच मिळेल, मग माशांची उठाठेव का करावी?

अंकुर_मंगळवारपेठ
काका, आपला प्रश्न योग्य आहे आणि मी तो प्रकल्पात नोंदवणार आहे. शेणकाल्यातील कण वातीत अडकतात आणि त्यातील बरेचसे नत्र सेंद्रिय रूपात असते, ते मातीत कुजल्यावर रोपाला मिळते. वातीने वर चढते ते केवळ विरघळलेले द्रव्य. ड्रमच्या बाबतीत खडी हे गाळण्याचे काम आधीच करते. शेतात शेणकाला अधिक सोयीचा आहे याबद्दल माझे दुमत नाही. मला पाहायचे आहे ते इतकेच की गच्चीवरच्या थोड्या जागेत, एकदा भरलेल्या पाण्यावर, किती भाजी निघू शकते.

आता तपासण्यांचे निकाल. पांढऱ्या थरावर व्हिनेगर टाकल्यावर स्पष्ट बुडबुडे आले. ड्रममधील पाण्याचा सामू पट्टीवर आठच्या किंचित वर दिसतो. अमोनिया आणि नायट्राइट किटवर जवळजवळ शून्य आहेत, नायट्रेटही फारच थोडे आहे. एका कुंडीतील रोपावर हिराकशीचे सौम्य द्रावण फवारले होते. त्याचे नवे पान शेजारच्या रोपापेक्षा स्पष्टपणे हिरवे आले आहे.

शिरोळकर
मग केवडाच होता. फवारणी फक्त वातीच्या कुंड्यांवर आणि ड्रमपासून दूर नेऊन करावी. दुकानात चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूत धरून पाण्यात विरघळते ठेवलेले लोह) मागाल तर बहुधा ईडीटीएचे देतील. ते साडेसहाच्या वर सामू असलेल्या पाण्यात टिकत नाही. या पाण्यात मिसळायचे असेल तर ईडीडीएचएचे मागावे. महाग आहे, पण चिमूटभर पुरते.

रसायन_शिक्षिका
सर्व आकडे एकमेकांशी जुळतात. अमोनिया आणि नायट्राइट जवळजवळ शून्य आहेत आणि नायट्रेटही कमी आहे, याचा अर्थ जिवाणू काम करत आहेत आणि ते तयार करतील तेवढे रोपे लगेच उचलत आहेत. व्यवस्था निरोगी आहे, फक्त तिच्यावर खाणारी तोंडे जास्त आहेत.

निवृत्त_प्राध्यापक
अंकुर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. वात आणि मासे जोडावेत का?

माझे मत असे आहे. माशांच्या रचनेत पाणी फिरते. जे वर गेले ते परत खाली येते, म्हणून ड्रममधील बदल रोज मोजता येतो आणि सुधारता येतो. वातीच्या रचनेत पाणी एकाच दिशेने जाते आणि परत येत नाही. जे काही त्यात विरघळले होते ते कुंडीत साचते, मग ते नायट्रेट असो की चुना. या दोन रचना नळीने कायमच्या जोडल्या तर ड्रमचे पाणी सतत कमी होत जाईल. ते बोअरने भरत राहावे लागेल आणि दोन्हीकडचे क्षार वाढतील. परंतु ड्रममधील काही पाणी वेळोवेळी बदलावे लागतेच. ते गटारात ओतण्याऐवजी गाळून, पावसाच्या पाण्यात निम्मे मिसळून वातीच्या भांड्यांत भरावे. जोड असावी ती एवढीच, आणि ती हाताने असावी.

वनस्पतीवाली_राजारामपुरी
याला एक पुरवणी जोडते. भांडे कायम भरलेले ठेवू नका. ते पूर्ण रिकामे झाल्यावर एक-दोन दिवस तसेच राहू द्या. तळाची माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज येते. पुदिना हे सहन करतो, पालक आणि मेथी करत नाहीत. टोमॅटो-मिरची या पाण्यावर लावायचा विचार असेल तर माशांच्या खाद्यात पालाश कमी असतो हे लक्षात ठेवा. ते वेगळे द्यावे लागेल.

अंकुर_मंगळवारपेठ
सर्वांचे मनापासून आभार. आता कुंड्यांची मांडणी पुढीलप्रमाणे करत आहे. माध्यम एकच, धुतलेले कोकोपीट आणि गांडूळखत. वात एकच, उकळलेले पॉलिएस्टर सूत. पाणी चार प्रकारचे असेल, म्हणजे नुसते बोअरचे, बोअरमध्ये १९:१९:१९, माशांचे, आणि माशांचे व पावसाचे निम्मे-निम्मे. तांबड्या मातीच्या काही कुंड्या वेगळ्या ठेवून त्यांवर लोहाचा भाग तपासेन. ट्रेमधील पालक एका कोपऱ्यापुरता ठेवला आहे. प्राध्यापक साहेब, मोजमाप उंचीचे घ्यावे की वजनाचे?

निवृत्त_प्राध्यापक
वजनाचे, आणि तेही वाळवून. उजेड कमी मिळालेले रोप उंच होते पण हलके राहते, त्यामुळे पालकाच्या बाबतीत उंची फसवी ठरते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ओव्हन असेल तर ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे. चारही प्रकारच्या कुंड्या एकेका रांगेत न ठेवता चिठ्ठ्या टाकून जागा ठरवाव्यात, कारण गच्चीच्या कठड्याची सावली एकाच रांगेवर पडली तर तोच फरक पाण्याचा म्हणून मोजला जाईल. प्रत्येक भांड्यात किती पाणी भरले हेही लिहून ठेवावे. एक लिटर पाण्यामागे किती ग्रॅम सुका पाला मिळाला, हा आकडा मला सर्वांत आधी पाहायचा आहे.

शिरोळकर
माझ्याकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा चांगला टीडीएस मीटर आहे. पुढच्या आठवड्यात बाजार समितीच्या कामासाठी कोल्हापूरला येणार आहे, तेव्हा घेऊन येतो. बोअरचे, ड्रमचे आणि वरून धुतलेल्या कुंडीच्या निचऱ्याचे असे तिन्ही पाण्यांचे नमुने बाटल्यांत भरून ठेवावेत.

अंकुर_मंगळवारपेठ
जरूर काका. नमुने आजच भरून ठेवतो, आणि येण्याआधी निरोप द्यावा म्हणजे मी गच्चीची किल्ली घेऊन थांबेन.